नवरीच्या मामांनी मंडपात यावं

कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत माझा आवाज बहुतेकांच्या कानांवरून गेलेला आहे, पण माझं नाव विचारलं तर कुणाला सांगता येणार नाही. मी लग्नात माईकवर बोलतो. 'निवेदक' हा शब्द पत्रिकेत छापायला ठीक असतो, तोंडानं तो कुणी उच्चारत नाही. कार्यालयाच्या जिन्यात गाठ पडलेला माणूस मला सरळ "ओ माईक" म्हणून हाक मारतो. "ओ माईक, आमच्या आण्णांचं नाव राहिलं बघा." मग मी परत वर जातो आणि आण्णांचं नाव घेतो. आण्णा तोवर जेवायला बसलेले असतात. तरी घेतो. पानावर बसल्या जागी आपलं नाव ऐकू आलं की आण्णांना जेवण गोड लागतं, आणि नाही आलं तर पुढचं वर्षभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात.

माझा मूळ धंदा विजेच्या मोटारी आणि पंखे दुरुस्त करण्याचा. शाहूपुरीत छोटं दुकान आहे. तरुणपणी एका लग्नात अॅम्प्लिफायर बिघडला म्हणून मला बोलावलं होतं. मी तो चालू केला, तपासायला म्हणून दोन वाक्यं बोललो, आणि ठरलेला निवेदक आलाच नसल्यामुळे यजमानांनी मला तिथंच धरलं. "आवाज खणखणीत हाय की तुमचा. दोन नावं घ्या, झालं." दोन नावं म्हणाले होते. तेव्हापासून मी नावंच घेतोय. आता घसा साथ देत नाही. गालात ज्येष्ठमधाची काडी धरल्याशिवाय लग्न पार पडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी घरात मी खुणांनीच बोलतो. बायकोची त्याबद्दल काही तक्रार नाही.

नावं घेण्यात काय एवढं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. त्यानं आमच्याकडचं एक लग्न निभावून दाखवावं. नुसतं नाव घेऊन भागत नाही, माणसाला त्याच्या मापाचं संबोधन लावावं लागतं. माननीय हे सगळ्यांना. सन्माननीय ज्याला गाडीतून उतरताना कुणीतरी दार उघडतं त्याला. आदरणीय ज्याच्या पाया पडायला रांग लागते त्याला. हे कुठं लिहिलेलं नाही, पण चुकलं की सगळ्यांना कळतं. पद गेलं तरी संबोधन जात नाही, हा दुसरा नियम. एकदा सरपंच झालेला माणूस शेवटपर्यंत सरपंच, मेंबर झालेला मेंबर. 'माजी' हा शब्द माईकवर उच्चारायचा नसतो. सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा उच्चारला, तर ते गृहस्थ माझ्याकडे असे बघायला लागले, जणू त्यांची खुर्ची मीच ओढून घेतली असावी.

पैलवानाला पैलवान म्हणावंच लागतं, मग त्याचे गुडघे गेलेले असोत आणि त्याला व्यासपीठावर चढवायला दोघं लागोत. पण ज्यानं पैलवान घडवले तो वस्ताद. त्याला चुकून पैलवान म्हटलं तर त्याचे पठ्ठे जेवणाची पानं सोडून उठतात. प्राथमिक शाळेतले पूर्वी गुरुजी होते, आता त्यांना सर लागतं. हुपरीचा चांदीवाला उद्योजक, इचलकरंजीचा यंत्रमागवाला उद्योगपती. किती माग असले म्हणजे उद्योगपती म्हणायचं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. कमी पडलं की मात्र लगेच चिठ्ठी येते.

एका लग्नात मी 'सरपंच' म्हणून एका बाईंचं नाव घेतलं, कारण त्या खरंच निवडून आलेल्या सरपंच होत्या. तर त्या बिचाऱ्या शेजारणीशी बोलत बसल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. पहिल्या रांगेतून त्यांचे यजमान उठले, हात जोडले, नारळ घेतला आणि खाली उतरले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आवो, सरपंच म्हणजे आमी. त्यास्नी वहिनी म्हणत्यात." बाईंनी तिथूनच मान डोलावली. मी तेव्हापासून वहिनी म्हणतो. कुणाकुणाशी वाद घालायचा?

आणि ज्याला कुठलंच पद नाही, ज्याचं नावही माहीत नाही, त्याला मामा म्हणायचं. कंडक्टर मामा, शिपाई मामा, गेटवर गाड्या लावणारा मामा. आता केस पांढरे झाल्यापासून मलाही पोरं म्हणतात, "ओ मामा, आवाज जरा कमी करा की." मी कमी करतो.

खरोखरीची मामा म्हणणारी मला एकच. मला बहीण एक, आणि तिला मुलगी एक. बहीण माझ्याहून मोठी, तिला मी आक्का म्हणतो. तिला कागलजवळच्या खेड्यात दिलेली. पोरगी बारावीनंतर कॉलेजला कोल्हापुरात आली ती आमच्याच घरी राहिली आणि पुण्याला नोकरी लागेपर्यंत आमचीच होऊन गेली. मी लग्न उरकून घसा बसवून घरी यायचो, जेवायला बसायचो, आणि ही लाटणं तोंडासमोर धरून सुरू व्हायची. "आत्ताच आपल्या ताटात सन्माननीय दोडकासाहेब यांचं आगमन झालेलं आहे. मामांनी नाक न मुरडता त्यांचा स्वीकार करावा, ही नम्र विनंती." बायको हसून हसून पोळी करपवायची. मला हसायचंही त्राण नसायचं, पण बरं वाटायचं. दिवसभर ज्या कामानं जीव काढलेला असायचा, त्याची अशी टर उडवलेली बघून थकवा उतरायचा.

एकदा असंच जेवताना तिनं विचारलं, "मामा, माझ्या लग्नात माईक कोण धरणार?"

"कुणीही धरू दे. मी न्हाय. मी तुझ्या मागं उभा राहणार."

"मग तुला बोलवणार कोण?"

"मामाला हाक कशाला लागती?" मी म्हणालो आणि दोडक्याकडे वळलो.

यात एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे मुहूर्त जवळ आला की माईकवरून एक हाक जाते: नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन मंडपात यावं. मामा खोलीत जातो, भाचीला हाताला धरून आणतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या मागे उभा राहतो. ही हाक मी प्रत्येक लग्नात दिली आहे, आणि खरं सांगायचं तर एवढी एकच हाक मी मनापासून देतो. तिला सन्माननीय लागत नाही, आदरणीय लागत नाही. रात्रपाळी करून लाल डोळ्यांनी आलेला मागावरचा कामगार मी त्या जागी उभा राहिलेला पाहिला आहे. नवाकोरा शर्ट, घडीच्या रेघा तशाच, छाती ही अशी पुढे. त्या वेळी पहिल्या रांगेतले सगळे सन्माननीय खालीच बसलेले असतात. ते बघताना प्रत्येक वेळी माझ्या मनात यायचं, एक दिवस आपणही. एकच भाची असल्यामुळे तो दिवस एकदाच येणार होता. माझ्याकडे मिरवण्यासारखं पद म्हणाल तर तेवढंच होतं.

तिचं लग्न गेल्या वर्षी ठरलं. ठरल्यावर पंधरवड्यानं आक्का आणि दाजी दुकानात आले. दाजी म्हणजे आक्काचे यजमान. माणूस वाईट नाही, पण लोक काय म्हणतील या एका काळजीवर त्यांचं सगळं आयुष्य चाललेलं आहे. मला ते अजूनही पावणं म्हणतात.

"पावणं, माईक तुमचाच बरं का. दुसऱ्या कुणाला इचारलंबी न्हाय." स्टुलावर बसत दाजी म्हणाले.

हे मला अपेक्षित नव्हतं. पण घरचं लग्न, अक्षतांपर्यंत धरू आणि मग कुणाच्या तरी हातात देऊ, असा मी मनातल्या मनात हिशेब केला. म्हणालो, "धरतो की."

"पोराकडची मंडळी लई मोठी हाईत. इचलकरंजीत मागाची शेडं हाईत त्यांची. आमदारबी येणार म्हणालेत. नावं कशी, नीट घ्याय पायजेत." चहा आला. दाजींनी बशीत ओतून प्याला. उठता उठता, चप्पल पायात सरकवत ते म्हणाले, "आनि एक ऱ्हायलं. मामा म्हणून डायरेक्टर हुबं ऱ्हात्यात. त्यास्नी सांगितलंय. तुमी काय, माईकवरच असणार."

डायरेक्टर म्हणजे माझा चुलतभाऊ. तो साखर कारखान्यावर निवडून आलेला आहे, त्यामुळे भावकीतही त्याला सगळे डायरेक्टरच म्हणतात, मीसुद्धा. नात्यानं तोही आक्काचा भाऊ, म्हणजे पोरीचा मामाच. त्यामुळे हरकत घ्यायला जागा नव्हती. दाजींनी ते सगळं बरोबर जुळवलेलं होतं. फोटोत नवरीच्या मागे पंखे दुरुस्त करणारा दिसण्यापेक्षा डायरेक्टर दिसलेला बरा, एवढा साधा हिशेब.

आक्का टेबलावर उघडून ठेवलेल्या पंख्याकडे बघत होती. तिनं वर पाहिलं असतं तर मी काही बोललो असतो का, कोण जाणे. तिनं पाहिलं नाही. मी बरं म्हणालो. समोरचा काही म्हणाला की बरं म्हणायचं, ही माईकनं मला लावलेली सवय आहे.

घरी सांगितल्यावर बायको हातातलं काम टाकून माझ्यासमोर येऊन बसली.

"आणि तुम्ही बरं म्हणालात?"

"दाजींपुढं काय म्हणणार?"

"एवढ्या लोकांची नावं घेता माईकवरून. स्वतःचं घ्यायची वेळ आली की तोंड शिवलेलं!" ती उठली, कपाटातून पिवळी साडी काढून तिनं माझ्यासमोर ठेवली. मामानं लग्नात नवरीला द्यायची साडी. मुलगी बघायला आले तेव्हाच तिनं आणून ठेवली होती. "ही कुणी द्यायची? डायरेक्टरनं?"

"आपणच देऊ. साडी द्यायला कुणी नको म्हटलेलं नाही."

त्यावर ती दोन दिवस बोलली नाही. मला वाईट वाटलं होतं. त्यात काही लपवण्यासारखं नाही, साधं सरळ वाईट वाटलं होतं. पण दाजींशी भांडायला, आक्काला मध्ये ओढायला, भावकीत बोभाटा करायला जी ताकद लागते ती माझ्यात उरली नव्हती. आयुष्यभर लोकांचे मानपान सांभाळून माझ्या स्वतःच्या मानाची मला कटकट वाटायला लागली होती. पोरीला मी फोन केला नाही. तिला कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. ती पुण्याहून आली ती थेट हळदीला, आणि हळदीत नवरीला कोण काय सांगत बसतो?

कार्यालय कागलच्या अलीकडे, हायवेला लागून होतं. मी सकाळीच जाऊन माईक लावला. दारात फेटेवाले बसले होते, येईल त्या पाहुण्याचं डोकं धरून फेटा बांधत होते. माईकवाल्याला फेटा बांधायची पद्धत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या माणसाचं डोकं धरलं. मी नवा सदरा घातला होता, तो बायकोच्या हट्टानं.

मग माझं नेहमीचं सुरू झालं. उद्योगपती आले, उद्योजक आले, चेअरमन आले, गावचे तिघे सरपंच आले, त्यातला एकच चालू होता. वस्ताद आले, त्यांना वस्ताद म्हणालो. वहिनी आल्या, त्यांच्या आधी त्यांच्या यजमानांना सरपंच म्हणालो. डायरेक्टर आला तेव्हा दाजी धावत माझ्याजवळ आले आणि कानाला लागून म्हणाले, "मामा म्हणून घ्या बरं का." मी काडी या गालातून त्या गालात घेतली आणि म्हणालो, "नवरीचे मामा, सन्माननीय डायरेक्टर साहेब यांचं आपल्या मंडपात आगमन झालेलं आहे. त्यांचं मनःपूर्वक स्वागत." बायको बायकांच्या रांगेत बसली होती. तिनं मान फिरवली.

मुहूर्ताची वेळ झाली तरी आमदार आले नव्हते. "ताणा की जरा, ताणा," दाजी खालून हातानं खुणावत होते. मी ताणलं. वाहतुकीचं कारण सांगितलं, दोन्ही घराण्यांचं कौतुक केलं, आचाऱ्यांचे आभार मानले. शेवटी भटजींनी व्यासपीठावरून माझ्याकडे असं पाहिलं की मला ताणणं थांबवावं लागलं. अक्षता वाटून झाल्या होत्या. नवरा मुलगा उभा राहिला होता. मी माईक तोंडाजवळ घेतला.

"नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन मंडपात यावं."

पहिल्या रांगेतून डायरेक्टर उठला, फेट्याचा शेमला खांद्यावर नीट केला आणि खोलीकडे गेला. लोक उभे राहिले. बराच वेळ झाला, कुणी आलं नाही. लोक परत बसले.

मला वाटलं, चुकलं आपलं. डायरेक्टरला नुसतं मामा म्हटलं, पद लावलंच नाही. एवढ्या लोकांत त्याला ते लागलं असणार आणि आत खुर्ची टाकून तो बसला असणार. असली माणसं मी जन्मभर पाहिली आहेत, आणि त्यांच्यावरचा उपायही मला पाठ आहे. मी आवाज चढवला.

"नवरीचे मामा, सन्माननीय डायरेक्टर साहेब यांना नम्र विनंती आहे, की त्यांनी नवरीला घेऊन मंडपात यावं."

कुणी नाही. नवऱ्या मुलाचे वडील घड्याळ बघायला लागले. लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामानं ओल्या होऊन तळव्यांना रंग लागायला लागला होता. एका बाळानं भोकाड पसरलं. आता सन्माननीयानंही भागत नाही असं दिसल्यावर मी होतं नव्हतं ते सगळं काढलं. "सहकारातलं जाणतं नेतृत्व, आम्हा सर्वांचे मार्गदर्शक, गोरगरिबांचे आधारस्तंभ, आदरणीय डायरेक्टर साहेब, नवरीचे मामा, यांनी कृपया..." माझा आवाज तिथं फाटला. खोकला आला, तो माईकवरून सगळ्या कार्यालयानं ऐकला.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत आक्का आली. चेहरा पांढराफटक.

"बाळ, माईक ठेव आणि चल. ती उठंना."

"कोण उठंना? डायरेक्टर?"

"तो कशाला? पोरगी उठंना." आक्काला रडू फुटलं. "मी काय करू रं? ह्यांनी ठरवलं, मी गप बसलो. मला त्येवढं बोलता आलं न्हाय. चल तू."

मी माईक स्टँडवर अडकवला आणि बटण बंद केलं. चालू लग्नात माईक बंद करायची ती माझी पहिलीच वेळ.

खोलीच्या बाहेर डायरेक्टर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता, फेटा काढून मांडीवर ठेवलेला. मला बघून तो उठला. मी सवयीनं हात जोडले.

"हात कशाला जोडतोस? मी गेलतो आत. चल पोरी म्हणालो, तर म्हणाली, मामा आला की येतो. म्हटलं, मग मी कोण? तर म्हणाली, तुमी डायरेक्टर." तो हसला. हसू जरा कसनुसं होतं, पण होतं. "दाजींनी हुबं राहा म्हटलं, राहतो म्हणालो. मला वाटलं, तुला इचारलं असंल. जा तू. आणि बोडका जाऊ नगंस."

त्यानं आपला फेटा माझ्या डोक्यावर ठेवला. तो थेट माझ्या कानांवर उतरला आणि पुढचं दिसेना. काढून त्याचा त्याला परत दिला. फेटेवाले तोवर जेवायला गेले होते. त्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत फेट्यांच्या गर्दीत एकच डोकं उघडं आहे.

आत ती गादीवर बसली होती. मुंडावळ्या बांधलेल्या, हातभर चुडा, अंगावर आमची पिवळी साडी. आजूबाजूच्या पोरी एकमेकींकडे बघत भिंतीला चिकटून उभ्या होत्या. रडून वगैरे काही नव्हती ती. आमच्या स्वयंपाकघरात लाटणं हातात घेऊन उभी राहायची, तशीच बघत होती माझ्याकडे.

"मामा, किती वेळ स्वतःलाच हाका मारालायस?"

मी गालातली काडी काढून हातात घेतली.

"तूच म्हणालतास नव्हं," ती म्हणाली, "मामाला हाक कशाला लागती म्हणून? आणि आता तिथं उभा राहून दुसऱ्याला मामा म्हणालायस. माझा मामा कोण, हे तू माईकवरनं ठरवणार?"

"दाजींनी..." मी सुरुवात केली आणि सोडून दिली. "अगं, तिकडं माईकवर कुणी न्हाय. आमदार यायचेत."

"येऊ देत की. चालत येतील, बसतील." तिनं हात पुढे केला. "धर. पाय आखडलेत माझे."

मी तिचा हात धरला आणि तिला उठवली. दाराशी आक्का उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले, माझ्या सदऱ्याची कॉलर नीट केली आणि बाजूला झाली.

आम्ही बाहेर आलो तेव्हा कुणी काही पुकारलं नाही. पुकारणारा मीच होतो. पुढच्या लोकांनी पाहिलं, ते उठले, त्यांना बघून मागचे उठले. मधल्या वाटेनं जाताना लोक माझ्याकडे बघत होते आणि त्यांना उमगत नव्हतं, की हा माईकवाला नवरीला धरून कुठं निघाला. एक ओळखीचा कंत्राटदार तर मला हळूच म्हणाला, "ओ माईक, आमच्या तात्यांचं नाव घ्यायचं ऱ्हायलं." मी त्याला मान डोलावली आणि पुढे गेलो.

आणि नेमक्या त्याच वेळी आमदार दारातून आत आले. चार माणसं पुढे, चार मागे. ते हात जोडून उभे राहिले आणि व्यासपीठाकडे बघत वाट बघू लागले. काही ऐकू आलं नाही. त्यांनी हात खाली घेतले, परत जोडले. मग कुणीतरी मागच्या रांगेतली एक खुर्ची पुढे केली आणि ते तिच्यावर बसले. दाजींनी हे सगळं पाहिलं. त्यांनी एकदा बंद माईककडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी पुढं कितीतरी महिने भोगली. दिवाळीलासुद्धा ते आमच्याकडे आले नाहीत. संक्रांतीला आले, तेव्हा चहा बशीत ओतत म्हणाले, "आमदारांनी इचारलं हो, मामा कोण म्हणून. बाकी काय म्हणालं न्हाईत."

पण ते नंतरचं. तेव्हा मी तिला घेऊन पायऱ्या चढलो. अंतरपाट धरलेला होता. तिला जागेवर उभी केली आणि सवयीनं बाजूला, माईकच्या दिशेनं सरकलो. भटजींनी हातात अक्षता घेतल्या, नवरीच्या मुंडावळ्या सरळ केल्या आणि विचारलं, "नवरीचे मामा कुठं आहेत? त्यांना मागं उभं राहू दे."

मी गर्दीकडे वळलो. खरंच वळलो. नवरीचे मामा कुठं बसलेत, त्यांना सन्माननीय म्हणायचं की आदरणीय, हे शोधत माझी नजर पहिल्या रांगेवरून फिरायलासुद्धा लागली. तेवढ्यात तिनं मान न वळवता मागं हात केला आणि माझ्या सदऱ्याची कड पकडली.

"मी," मी म्हणालो. "मी हाय."

घसा पूर्ण बसलेला होता. पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा ते पोचलं नसेल.

"मग इकडं या की," भटजी म्हणाले. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.